उलट्या पावलाची सून

२०११ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर होऊन घरी बसलो होतो, आणि घरी बसणं मला जमत नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्या प्रकाशचं लग्न झालं आणि सून सक्करदऱ्याच्या घरी आली. दारात उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. नवी नवरी उजव्या पायाने ते हळूच लवंडते, मूठभर तांदूळ आत सांडतात, बायका कौतुक करतात, असं ते असतं. हिने पाय मारला तो असा की माप घरंगळत माझ्या खुर्चीला येऊन धडकलं आणि तांदूळ माझ्या मांडीवर. बँडवाल्याचं वाजवणं थांबलं.

माझी मोठी बहीण गोदाबाई पुढे उभी होती. ते माप तिनेच भरलं होतं. ती म्हणाली, "काहून वं पोरी, फुटबॉल हाय का तो?"

नवरीने मान खाली घातली होती. खालूनच आवाज आला, "माप लहान होतं, आत्याबाई."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. गोदाबाई हसली नाही. तिचा पायगुणावर फार विश्वास. मी मांडीवरचे तांदूळ झटकले आणि म्हणालो, "येऊ द्या आत. जोराचा पाय आहे." वैशालीची आणि माझी पहिली ओळख ती अशी.

वैशाली काटोलकडची. बाप शेतकरी, संत्र्याची झाडं राखणारा. अंगाने उंच, रंगाने काळीसावळी, आणि पाय मोठे. लग्नातली जोडवी बोटात शिरेनात म्हणून सोनाराकडून वाढवून आणावी लागली होती. बारावी झालेली. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण घरातली रीत मी ठरवायचो. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नसे, डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि समोरासमोर बोलत नसे. कोणाला ते जुनं वाटलं तर वाटो.

वैशालीने ती रीत मोडली नाही, पण तिला वेगळं वळण दिलं. ती माझ्याशी बोलायची नाही. ती मांजरीशी बोलायची, तव्याशी बोलायची, आणि ते बोलणं बरोबर मला येऊन लागायचं. "मांजरे, चाय झाला हाय. ज्याले पाह्यजे त्यानं पेपर खाली ठेवावा." किंवा, "बाहेर ऊन तापून राहिलं. कोनी दुपट्टा बांधून गेलं तं दुपट्ट्याचं काही झिजत नाही." मीही काही कमी नव्हतो. मी रेडिओकडे पाहून म्हणायचो, "आज वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं." आतून उत्तर यायचं, "मांजरे, जास्त झालं तं वाटी कोनं चाटून पुसली वं?" माझी बायको सुमित्रा पोळ्या लाटता लाटता हसून लोळायची तेवढी बाकी राहायची.

तिचं आणखी एक बोलणं घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. कोणी गप्प बसलं, मनात धरून बसलं, की ती म्हणायची, "बोलून टाका ना. पोटात ठेवून का लोनचं घालता?" प्रकाशचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. तिथे काही बिनसलं की तो तोंड मिटून जेवायचा. हे एक वाक्य ऐकलं की सगळं सांगून मोकळा व्हायचा. आमच्या प्रकाशला बोलतं करणं मला जन्मात जमलं नाही, ते हिने वर्षभरात केलं.

नळ आमच्या अंगणात होता. स्वयंपाकघर मागे आणि माझी खोली पुढे. म्हणजे दिवसभर तिला माझ्या खोलीतून जा-ये करावी लागे, तीही डोक्यावर पदर सांभाळून. मग तिने एक युक्ती काढली. उंबरा ओलांडताना जोडवी मुद्दाम लाकडावर टेकवायची. टक. म्हणजे, मी येऊन राहिली. मी खुर्चीतले पाय आवरून घ्यायचो, ती घागर घेऊन निघून जायची. आम्हा दोघांचं दिवसातलं बोलणं जास्तीत जास्त तेच.

लग्नाला दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा तो ठोका बदलला. उजव्या पायाची टक उशिरा यायला लागली, आणि डावा पाय जड पडायला लागला. मी सारी नोकरी साखळी-कप्पीवर ओझी उचलण्यात काढली. कप्पीचा आवाज बदलला की आम्ही काम थांबवायचो, मग साहेब काही म्हणो. पण सासऱ्याने सुनेला "पाय दाखव" म्हणावं, अशी आमच्याकडे रीत नव्हती. नव्हती म्हणजे नव्हती. मी सुमित्राला म्हणालो, "तुह्या सुनेचा उजवा पाय वढून राहिला. पाहा."

"नळावर घसरली होती मी, आई," वैशाली म्हणाली. "लचक भरली असन."

"मंग रात्री उठून काहून बसते?" सुमित्राने विचारलं. "आता तू का लोनचं घालून राहिली का?"

तेव्हा तिने लुगडं वर करून गुडघा दाखवला. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या टोकाशी, सूज होती. सुमित्राने मला नंतर सांगितलं, लहान संत्र्याएवढी, हाताला गरम आणि हाडासारखी टणक. दिवसा कामात विसर पडायचा, अंथरुणावर पडलं की ठणका सुरू. बसून, झोपून, शेकून, कशानेच कमी होत नव्हता.

आमच्याकडे अशा दुखण्यावर बिब्बा घालतात. काळं, तेलकट फळ असतं ते. सुईला टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं, ते ठिपक्या-ठिपक्यांनी दुखऱ्या जागी लावायचं. चामडी जळते, फोड येतात, आणि आतलं दुखणं बाहेर येतं असं समजतात. सुमित्राच्या आईने तिला लावला, तिने प्रकाशला लावला, माझ्या खांद्यावरही त्याचे डाग आहेत. तिने वैशालीलाही लावला, जीव लावून लावला. एक फोड सुकला की त्याच्या बाजूला दुसरा. मोहल्ल्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, पट्टी बांधली, तरुण आहे, बरी होईल म्हणाला. दिवाळी गेली. ठणका गेला नाही. एके दिवशी ती कणीक मळायला खाली बसली आणि तिला उठता येईना.

मग गुडघ्याचा एक्स-रेचा फोटो काढला. फोटो काढणाऱ्याने पाहिलं आणि कॅन्सरच्या दवाखान्यात हाडाचं पाहणाऱ्या मॅडम असतात, त्यांना आजच दाखवा म्हणाला.

त्या मॅडम बुटक्या, चष्मेवाल्या, बोलायला सरळ. त्यांनी फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. हाडाला एक कड असते, फोटोत ती रेघेसारखी दिसते. इथे ती रेघ मोडली होती आणि खराट्याच्या काड्या फुटाव्यात तसं हाड चहूबाजूंनी मांसात फुटलं होतं. मला काही सांगायची गरज पडली नाही.

सुमित्रा म्हणाली, "घसरून पडली होती, मॅडम."

"पडल्याने हे होत नाही, आई. पडल्यामुळे पायाकडे लक्ष गेलं, एवढंच. हा हाडातच सुरू होतो. तरुण पोरांना होतो, बहुतेक गुडघ्याजवळच. म्हणून सगळ्यांना लचकच वाटते." मग त्यांनी गुडघ्यावरचे फोड पाहिले आणि त्यांचा आवाज चढला. "हे कोणी केलं?"

कोपऱ्यात सुमित्राने पदर तोंडाला लावला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैशाली म्हणाली, "मीच लावला. मले लहानपणापासून खोड हाय."

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सुमित्राकडे, आणि पुढे काही विचारलं नाही.

गाठीचा तुकडा काढून तपासायचा होता. गोदाबाईच्या मुलाच्या ओळखीचा एक सर्जन म्हणाला, या, उद्याच काढून देतो. मॅडमना मी तसं सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. "कोणालाही सुई घालू देऊ नका. सुई ज्या वाटेने जाते, ती वाटही नंतर गाठीबरोबर कापून काढावी लागते. म्हणून जो शेवटी कापणार, सुईची जागा त्यानेच ठरवायची. चुकीच्या जागी घातली तर वाचणारा पाय जातो." हे माझ्या डोक्यात बसलं. ज्याला ओझं उतरवायचं आहे त्यानेच दोर बांधायचा, हा आमच्याकडेही कायदा होता. पण बिब्ब्याच्या जखमांतून सुई घालता येईना. एका बाजूची चामडी सुकेपर्यंत थांबावं लागलं. ते थांबणं कसं गेलं ते आमचं आम्हाला माहीत.

रिपोर्टवर ऑस्टिओसार्कोमा असं नाव आलं. छातीचाही फोटो काढला, कारण हा हाडातून निघतो तो पहिले फुप्फुसात जातो. मॅडम म्हणाल्या, "आज तरी छाती साफ आहे." त्यातला 'आज' माझ्या कानात राहिला.

आधी औषध, मग ऑपरेशन, मग परत औषध, असा रस्ता त्यांनी सांगितला. आधीचं औषध गाठ मारायला आणि कुठे डोळ्याला न दिसणारा कण सुटला असेल तर त्याला गाठायला. सलाईनमधून जायचं. त्यातलं एक लाल रंगाचं. वैशाली त्याला सरबत म्हणायची. सरबत घेऊन आली की ओकायची, तोंडात फोड यायचे, पाणी गिळता यायचं नाही. तिचे केस गेले. बोडक्या डोक्यावरून पदर सारखा घसरायचा. एकदा नळाकडून येताना घसरला, तेव्हा ती उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मांजरे, पदराले धराले काही राहिलंच नाही वं. तुह्या अंगावर तरी केस हायत."

मी त्या दिवशी माझी खाट उचलून पडवीत टाकली आणि पुढची खोली तिला दिली, नळ आणि संडास जवळ पडावा म्हणून. सुमित्रा म्हणाली, थंडीचे दिवस आहेत. मी म्हणालो, मला थंडी वाजत नाही. वाजत होती. त्याचं काय.

औषधाने ठणका कमी झाला. आम्हाला वाटलं, सुटलो. मग ऑपरेशनचं ठरवायला मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. वैशाली चाकाच्या खुर्चीत, प्रकाश तिच्या मागे, सुमित्रा, मी, आणि गोदाबाई. मोठी असल्यामुळे गोदाबाईला सोडून घरातलं काही ठरत नसे.

मॅडम म्हणाल्या, "पुष्कळ लोकांना आता पाय कापावा लागत नाही. खराब हाड काढून आत धातूचा सांधा बसवतो. पण हिची गाठ सांध्यात शिरली आहे. पुढचं मांस आणि ही जळालेली चामडी सगळी काढावी लागेल. धातूवर झाकायला काही उरणार नाही, तिथे पिकेल. एक रस्ता म्हणजे मांडीतून पाय काढणे. दुसरा एक आहे. मागची मोठी नस सुटी आहे, पाऊल जिवंत आहे, चांगलं आहे. गुडघा आणि गाठ मधून काढून टाकायची, खालचा पाय वर घ्यायचा आणि उलटा फिरवून मांडीला जोडायचा. टाच पुढे, बोटं मागे. मग घोटा गुडघ्याच्या जागी येतो आणि गुडघ्याचं काम करतो. त्याच्या खाली नकली पाय."

पहिली गोदाबाई बोलली. "उलट्या पायाची बाई घरात? मॅडम, आमच्याकडं उलटे पाय कोनाचे असते, ठाव हाय का तुमाले?"

"ठाऊक आहे. हडळीचे. माझी आजीपण सांगायची."

"मंग?"

"मग काय? आजीने हा फोटो पाहिला नव्हता."

मला राग आला. हडळीचा नाही, तमाशाचा. मी म्हणालो, "मॅडम, कापायचं तर सरळ कापा. उलटं जोडून माणसाचं खेळणं काहून करता?" मी तसं विचारलं, आणि आजही म्हणतो, विचारायलाच पाहिजे होतं. न समजलेल्या ओझ्याला मी कधी हात लावला नाही.

मॅडम म्हणाल्या, "मी पेशंटला विचारते आहे. वैशाली, तू बोल." ती बोलेना. मी समोर उभा होतो ना. मॅडमना ते कळलं. "आजोबा, तुम्ही थोडं बाहेर थांबता का?"

"मी घरचा मोठा आहे. मी कुठेही जाणार नाही."

तेव्हा आवाज झाला. टक. वैशालीने डाव्या पायाचं जोडवं खुर्चीच्या लोखंडी पायरीवर आपटलं होतं. सवयीने माझे पाय मागे सरले.

"मामाजी," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोक्यावर ना केस, ना पदर, आणि डोळे सरळ माझ्याकडे. "पाय माहा हाय. उलटा असला तरी माहाच राहीन ना? कापून फेकल्यावर कोनाचा राहीन?"

मी तिच्या पायाकडे पाहिलं.

"मले नळावर जाता आलं पाह्यजे. खाली बसता नाही आलं तरी चालते, पन उंबरा माह्या पायानं वलांडता आला पाह्यजे. तमाशा लोक पाह्यन. पाहू द्या. मले कोनत्या बाजूनं बोटं हायत त्याचं काही पडलं नाही." मग आवाज खाली आला. "तुमाले कप्पी समजते, बिजागरी समजते. तुमी पाहून सांगा. जमते का ते तुमी सांगा मले."

मी खुर्ची ओढली, उजवी चप्पल काढली आणि पाय समोर धरून घोटा हलवून पाहिला. पंजा ताणला, पंजा वर ओढला. डोक्यात पाय फिरवून उलटा बसवला आणि परत हलवला. पंजा ताणला की पाय सरळ. पंजा ओढला की गुडघ्यासारखा मागे वाकला. बिजागरी तीच, फक्त फिरवून ठोकलेली. आणि चालवणारी नस तिची स्वतःची. मी परत परत पाहिलं. मॅडम माझ्या पायाकडे पाहत होत्या.

"सुनबाई," मी म्हणालो, "जमते."

"नामदेव! तू बी गा?" गोदाबाई म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

सुमित्रा मॅडमच्या टेबलाला धरून उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, बिब्बा मी लावला होता." मॅडमनी तिला खरं तेच सांगितलं. गाठ बिब्ब्याने आली नाही, बिब्बा नसता तरी ती होतीच, पण चामडी वाचली असती आणि आम्ही लवकर आलो असतो. सुमित्रा रडायला लागली तशी वैशाली म्हणाली, "आई, सांगून टाकलं ना? झालं. आता त्याचं लोनचं घालू नका."

ऑपरेशन झालं. पहिल्यांदा चादर बाजूला केली तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. "पाहा, मामाजी, पाहा," ती म्हणाली. "पाहिल्याबिगर सवय कशी होईन?" मी पाहिलं. गुडघ्याच्या जागी तिची टाच होती, आणि मागच्या बाजूला तिचीच मोठी बोटं. तिने मनाशी ठरवून अंगठा हलवला. तो मागच्या मागे हलला. प्रकाश हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही.

हाड जुळायला वेळ लागला, मधे परत सरबत. नकली पाय आला. त्यात पाऊल घट्ट बसवावं लागतं, जोडवं घालून चालत नाही. मग तिने दोन्ही जोडवी डाव्या पायात घातली, शेजारशेजारच्या बोटांत. ती अंगणात काठीने, मग भिंतीने, मग तशीच चालायला शिकली. एका सकाळी मी परत माझ्या पुढच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. उंबऱ्यावर आवाज आला. टक, आणि मागोमाग नकली पायाचा ठप. मी पाय आवरले. ती अर्धी घागर घेऊन आत गेली. पेपरात त्या दिवशी काय होतं ते मला आठवत नाही.

त्या दवाखान्यानंतर ती मांजरीमार्फत बोलायची बंद झाली. "मामाजी, पान्याचा गिलास घ्या," असं सरळ. आणि मीही सरळ सांगायचो, मीठ जास्त झालं. भांडायला आता मधे मांजर लागत नव्हती.

प्रताप नगरला गोदाबाईकडे महालक्ष्म्या असतात. त्या जेवणाला सवाष्णी बोलावून त्यांचे पाय धुतात. वैशालीला बोलावणं आलं, कारण न बोलवावं तर नातेवाईक विचारतील. सुमित्राने मला तिथला प्रकार सांगितला. गोदाबाईने रांगेत सगळ्यांचे दोन्ही पाय परातीत धुतले, आणि हिच्यापाशी आली तेव्हा डाव्यावर पाणी घालून पुढे सरकायला लागली. वैशालीने बसल्या जागी नकली पाय काढून ठेवला आणि उलटं पाऊल परातीत ठेवलं. "आत्याबाई, हा बी सवाष्णीचाच हाय." गोदाबाईने डोळे मिटून पाणी घातलं. वैशाली म्हणाली, "बोटं मागं हायत, आत्याबाई. कुंकू तिकडं." सगळ्या बायका हसल्या. गोदाबाईने हात मागे वळवून बोटांना कुंकू लावलं.

दर काही महिन्यांनी छातीचा फोटो असायचा. त्या दिवशी घरात कोणी नीट जेवत नसे. मॅडम फोटो पाटीवर लावायच्या, पाहायच्या, "आज साफ आहे" म्हणायच्या, आणि आम्ही श्वास सोडायचो. असं बरंच चाललं. मग एका फोटोला त्या पाहतच राहिल्या.

फुप्फुसात ठिपके होते. मोजके होते तेव्हा छाती उघडून काढले. ती त्यातूनही उठली, परत नळावर गेली. काही दिवसांनी दोन्ही बाजूंनी आले, आणि मॅडम म्हणाल्या, आता कापून उपयोग नाही. तिलाच सरळ सांगितलं. परत येताना ऑटोत ती म्हणाली, "मॅडम चांगल्या. पोटात ठेवत नाही."

पुढची खोली परत तिची झाली. श्वासासाठी थांबत थांबत बोलायची. एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो, दार उघडं होतं, नळाला पाणी आलं होतं आणि सुमित्रा भरत होती. ती उंबऱ्याकडे पाहत होती.

"मामाजी, मी गेल्यावर आत्याबाई उंबऱ्यात खिळे ठोकन. पाहा तुमी." आमच्या जुन्या लोकांत ते करतात. हडळ होईल अशी शंका असलेली बाई गेली की तिने घरात परतू नये म्हणून उंबऱ्यात खिळे ठोकतात आणि दारात मोहरी टाकतात.

"काहीच्या बाही बोलू नको," मी म्हणालो.

"मंग का लोनचं घालू?" ती हसायला गेली आणि खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "खिळे ठोकल्यावर मी नळावर कशी जाऊ?"

संक्रांतीच्या मागेपुढे ती गेली. सुमित्राने तिला न्हाऊ घातलं, दोन्ही पाय धुतले, दोन्हींना कुंकू लावलं. जोडवी डाव्याच पायात ठेवली, जशी ती घालत होती तशी.

घाटावरून आम्ही दिवस मावळताना परतलो. दारात मोहरी सांडलेली होती आणि उंबऱ्यात नवे खिळे, ओळीने, डोकी आत बुडेपर्यंत ठोकलेले. गोदाबाई आत भिंतीला टेकून बसली होती, हातोडी तिच्याच बाजूला. रडून तिचे डोळे सुजले होते. ती वाईट बाई नाही. तिने त्या पोरीसाठी नवसही केले होते. तिला भीती वाटत होती, आणि भीतीला जे येतं ते तिने केलं. प्रकाशने खिळे पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिळे ओलांडून आत गेलो. दुःखाचं घर होतं, आणि ती माझी मोठी बहीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळेला, मी माझी कामावरची जुनी पिशवी काढली. तिच्यात छिन्नी होती, पक्कड होती. सुतकात हत्याराला हात लावत नाहीत. मी लावला. उंबऱ्याशी बसलो आणि खिळ्याच्या भोवतीचं लाकूड छिन्नीने खोदलं.

गोदाबाई आवाजाने उठून आली. "नामदेव, का करून राहिला गा?"

"सुनेले नळावर जावं लागते," मी म्हणालो.

ती मागे उभी राहिली. तिने मला अडवलं नाही. एकेक करून मी सगळे खिळे उपटले. मोहरी झाडून अंगणात टाकली, दार पूर्ण उघडं केलं. मग माझ्या खुर्चीवर येऊन बसलो आणि पाय आवरून घेतले.